किंमत न छापलेलं नाणं: फ्रान्सच्या राजांचे चांदीचे एक्यू कसे वाचायचे

२०२५ साली चांदी किलोमागे लाखाच्या पुढे गेली आणि घरोघरी कपाटातले डबे उघडले गेले. राणीछाप रुपये, जुने वाळे, करंडे सराफाच्या तराजूवर चढले. नाणी जमवणाऱ्यांसमोर त्याबरोबर दुसराही प्रश्न आला. युरोपातली जुनी मोठी चांदीची नाणी, त्यातही फ्रान्सच्या लुई राजांची ‘एक्यू’ नावाची, घ्यावीत का? ती दिसायला देखणी, तळहातावर ऐसपैस बसणारी, तीस ग्रॅमच्या आसपास वजनाची. पण अक्षरं लॅटिन, किंमत कुठेच लिहिलेली नाही, आणि एकाच राजाच्या एकाच आकाराच्या नाण्यांना निरनिराळी नावं, निरनिराळे भाव. नवखा माणूस इथेच अडखळतो.

मला ही नाणी फार मोलाची वाटतात, आणि चांदी हे त्याचं मुख्य कारण नाही. राजाने रयतेच्या पैशाचं काय केलं, याचा पुरावा या चकत्यांवर अक्षरशः ठोकलेला आहे. तो वाचायला कुठल्याही पदवीची गरज नाही. एक भिंग, ग्रॅमचे शतांश दाखवणारा काटा आणि थोडी माहिती पुरते.

एक्यूच्या आधी काय होतं?

एक्यू म्हणजे मूळ ढाल. राजाच्या ढालीचं चिन्ह असलेल्या सोन्याच्या नाण्याला आधी हे नाव होतं, पुढे ते चांदीच्या मोठ्या नाण्याला चिकटलं. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये चांदीची नाणी बेताच्या आकाराची होती. बाराव्या लुईने १५१४ मध्ये ‘तेस्तों’ काढलं, त्यावर राजाचा चेहरा होता. तिसऱ्या हेन्रीने १५७५ मध्ये ‘फ्रां’ काढलं, साधारण १४ ग्रॅमचं. ही सगळी हातोड्याची नाणी. खालचा ठसा ऐरणीवर रोवायचा, वर चकती ठेवायची, वरचा ठसा हातात धरून घाव घालायचा. त्यामुळे नाणं पूर्ण गोल कधीच येत नसे. नाणं वाकडं असलं की त्याची कड कातरून थोडी चांदी काढून घेतली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. तेराव्या लुईच्या काळापर्यंत हा कातरण्याचा धंदा एवढा माजला की बाजारातली कितीतरी ‘फ्रां’ नाणी भरल्या वजनाची राहिलीच नाहीत.

हातोडा गेला, यंत्र आलं

यंत्राची कल्पना नवी नव्हती. १५५१ मध्ये दुसऱ्या हेन्रीने जर्मनीतल्या आउग्सबुर्गहून यंत्रं आणून पॅरिसमध्ये सेन नदीतल्या बेटाच्या टोकाला बसवली होती. पण हातोड्यावर पोट असलेल्या टांकसाळी कारागिरांनी अनेक दशकं विरोध केला. तो विरोध मोडला तो आजच्या बेल्जियममधल्या लिएजहून आलेल्या झाँ वारँ या ठसेकाराच्या काळात. १६४० मध्ये सोन्याचं ‘लुई’ निघालं आणि १६४१ मध्ये चांदीचा एक्यू. वजन २७.४५ ग्रॅम, बारात अकरा भाग चांदी, किंमत ६० सोल (सोल हे तेव्हाचं हिशोबाचं माप, त्याबद्दल पुढे). १६४५ मध्ये हातोड्याने नाणी पाडण्यावर बंदी आली.

यंत्राची रीत अशी: चांदीची पट्टी दोन रुळांमधून काढून एकसारख्या जाडीची करायची, तिच्यातून चकत्या कापायच्या आणि त्या मोठ्या मळसूत्री दाबयंत्राखाली ठेवायच्या. या यंत्राच्या आडव्या दांड्याच्या टोकांना जड गोळे असत. माणसं दोर ओढून दांडा फिरवत आणि एका झटक्यात दोन्ही बाजू उमटत. वारँचे १६४१–४३ चे एक्यू पाहा. राजाच्या केसांची एकेक बट वेगळी दिसते. पुढे १६८५ च्या सुमारास कास्तँ याच्या यंत्राने कडेवरही अक्षरं उमटवायला सुरुवात झाली: ‘डोमिने साल्वुम फाक रेजेम’, म्हणजे ‘प्रभो, राजाचं रक्षण कर’. कडेवर मजकूर आल्यावर कातरणाऱ्याची सोय संपली. एक अक्षर जरी कापलं गेलं तरी चोरी उघडी पडणार.

किंमत का लिहिलेली नाही?

सगळा गोंधळ इथून सुरू होतो, म्हणून इथे जरा थांबू.

फ्रान्समध्ये हिशोब लिव्र, सोल आणि देनिए यांत चाले. १२ देनिए म्हणजे एक सोल, २० सोल म्हणजे एक लिव्र. भाडं, पगार, कर, कर्ज सगळं लिव्रमध्ये लिहिलं जाई. पण लिव्र नावाचं नाणं बहुतेक काळ खिशात नसेच. आपल्याकडे आणे बंद होऊन किती वर्षं झाली, तरी ‘चार आणे’, ‘बारा आणे’ तोंडात आहेतच. तसा लिव्र हे मोजण्याचं माप होतं आणि एक्यू हा हातात येणारा धातू. एक एक्यू म्हणजे किती लिव्र, हे नाण्यावर लिहिलेलं नसे, ते राजाच्या हुकुमात लिहिलेलं असे. हुकूम बदलला की किंमत बदलली, नाणं तेच.

आकडे मांडले की हे डोळ्यांना दिसतं. १६४१ मध्ये २७.४५ ग्रॅमचा एक्यू ३ लिव्रचा, म्हणजे एका लिव्रमागे सुमारे ८.४ ग्रॅम शुद्ध चांदी. १६९० मध्ये त्याच वजनाच्या एक्यूची किंमत ६६ सोल ठरली, तेव्हा लिव्रमागे ७.६ ग्रॅम. १७०९ मध्ये नवा, ३०.५९ ग्रॅमचा एक्यू आला, पण किंमत ५ लिव्र, म्हणजे ५.६ ग्रॅम. आणि १७२६ मध्ये २९.४९ ग्रॅमचा एक्यू ६ लिव्रवर स्थिरावला, तेव्हा लिव्रमागे जेमतेम ४.५ ग्रॅम. पंच्याऐंशी वर्षांत हिशोबाच्या लिव्रमधली जवळजवळ अर्धी चांदी गळाली.

यात तोटा कुणाचा? ज्याचं येणं लिव्रमध्ये ठरलेलं होतं त्याचा: घरमालकाचा, सावकाराचा, ठरावीक पगारावर जगणाऱ्याचा. फायदा मोठ्या कर्जदाराचा, आणि देशातला सगळ्यात मोठा कर्जदार होता स्वतः राजा.

जुन्या ठशावर नवा ठसा

चौदाव्या लुईचं १६८८ मध्ये सुरू झालेलं युद्ध महागात पडत होतं. १६८९ च्या शेवटी त्याने व्हर्सायच्या राजवाड्यातलं चांदीचं सामानसुमान, मेजं, दिवे, कुंड्या वितळवून टांकसाळीत पाठवल्या. त्याच वेळी आणखी एक युक्ती काढली. जुने एक्यू वितळवायचे, पट्ट्या करायच्या, चकत्या कापायच्या यात वेळ आणि खर्च फार. मग वितळवायचंच कशाला? लोकांकडून जुना एक्यू कमी भावाने जमा करून घ्यायचा, त्याच नाण्यावर नवा ठसा मारायचा आणि चढ्या भावाने परत द्यायचा. मधला फरक खजिन्यात. याला तिथे ‘रेफॉर्मास्यों’ म्हणत. आपण ‘पुनर्ठसा’ म्हणू.

चौदाव्या लुईने हे चार वेळा केलं: १६८९, १६९३, १७०१ आणि १७०४. दर वेळी नक्षी बदलली, म्हणजे कोणतं नाणं नवं आणि कोणतं जुनं हे ओळखता यावं. १६९० च्या एक्यूच्या मागे पाठीला पाठ लावलेल्या आठ ‘एल’ अक्षरांचा क्रूस आहे. १६९३ च्या एक्यूवर गोल ढाल आणि तिच्या दोन्ही बाजूंना ताडाच्या डहाळ्या. जमवणारे नाण्यांना ‘आठ एलचा’, ‘ताडाचा’, ‘तीन मुकुटांचा’ अशा नावांनी ओळखतात ते याचमुळे.

असा आठ एलचा एक्यू दिव्याखाली तिरका धरून पाहा. राजाच्या नाकासमोरच्या मोकळ्या जागेत कधी उलट्या दिशेची दोन-तीन अक्षरं पुसट दिसतात, ती आधीच्या नाण्याच्या मजकुराची. मानेखाली जुन्या मुकुटाची कमान असते. मागच्या बाजूला एलच्या फटीतून आधीच्या ढालीवरचं लिलीचं फूल डोकावतं. काही चकत्यांवर तर एकाहून अधिक फेऱ्यांच्या खुणा सापडतात. एकाच चकतीवर दोन हुकूम, दोन किमती!

लोकांनी हे मुकाट्याने सोसलं का? नाही. कुणी नाणी दडवून ठेवली, कुणी सीमेपार नेली. कुणी खासगीत तोच उद्योग सुरू केला: खरा जुना एक्यू घ्यायचा, चोरून बनवलेल्या ठशाने नवी नक्षी मारायची आणि राजाचा नफा स्वतः खायचा. अशा नाण्यात चांदी पूर्ण, वजन पूर्ण, खोटा फक्त ठसा. पकडला गेला तर त्याला मृत्युदंड होता.

मग असं विद्रूप नाणं घ्यायचंच कशाला?

हा आक्षेप नेहमी येतो, आणि बाजारही त्याच बाजूने झुकतो. कोऱ्या चकतीवर पाडलेला स्वच्छ एक्यू सहसा जास्त भावाने जातो. पुनर्ठशाच्या नाण्यावर साल अर्धवट, अक्षरं एकमेकांत गुंतलेली, राजाचा चेहरा सपाट. संग्रहात नुसती शोभा हवी असेल तर स्वच्छ नाणंच घ्यावं.

पण माझं मत स्पष्ट आहे. खालची जुनी नक्षी ओळखू येईल असा पुनर्ठशाचा एक्यू मिळाला तर तो आधी घ्यावा. स्वच्छ नाणं टांकसाळीत काय झालं एवढंच सांगतं. पुनर्ठशाचं नाणं आधी कुणाच्या तरी पेटीत होतं, हुकूम निघाला म्हणून ते बाहेर काढावं लागलं, त्याची किंमत कापून घेतली गेली, हे सगळं दाखवतं. शिवाय खालचं मूळ नाणं कोणतं हे शोधण्यात जो आनंद आहे तो तयार लेबलात मिळत नाही.

राजाच्या गालावरचे ओरखडे

पंधराव्या आणि सोळाव्या लुईच्या एक्यूंवर बऱ्याचदा समांतर रेघा दिसतात, कधी गालावर, कधी ढालीच्या मध्यभागी. नवखा माणूस ‘नाणं खरवडलंय’ म्हणून परत करतो. अनेकदा हा गैरसमज असतो.

वजन ‘मार्क’ या मापाने ठरे. पॅरिसचा मार्क म्हणजे २४४.७५ ग्रॅम. १७२६ पासून एका मार्कातून ८.३ एक्यू पाडायचे, असा नियम होता. प्रत्येक चकती तोलली जाई. हलकी निघाली तर परत मुशीत, जड निघाली तर कानशीने घासून वजन बरोबर करायचं. मग ठसा. दाब जिथे पुरा पोचत नाही, म्हणजे नक्षीच्या उंच भागात, तिथे कानशीच्या रेघा राहून जात. खऱ्या रेघा सरळ, एकाच दिशेच्या असतात आणि नक्षीच्या खालून गेल्यासारख्या दिसतात. नंतर कुणी नाणं खरवडलं असेल तर रेघ नक्षीच्या वरून जाते आणि तिच्या कडा चमकतात. भिंगाखाली हा फरक कळायला फार सराव लागत नाही.

‘ए’ म्हणजे पॅरिस, गाय म्हणजे पो

राज्यात टांकसाळी पुष्कळ होत्या आणि प्रत्येकीची खूण वेगळी. पहिल्या फ्रान्सिसच्या काळात, १५४० मध्ये, त्यांना अक्षरं नेमून दिली गेली. ‘ए’ पॅरिस, ‘बी’ रुआँ, ‘डी’ ल्योन, ‘के’ बोर्दो, ‘एल’ बायोन. पुढे स्ट्रासबुर्गला ‘बीबी’, रेनला ९ हा आकडा, एक्सला ‘आणि’चं चिन्ह. पो गावच्या टांकसाळीची खूण छोटी गाय, कारण बेआर्न प्रांताच्या राजचिन्हात गायी आहेत. शिवाय टांकसाळीचा प्रमुख आणि ठसेकार यांच्या बारीक खुणा वेगळ्या: तारा, पक्षी, फूल. नाणं हलकं निघालं तर जबाबदार कोण, हे त्यावरून ठरे.

अठराव्या शतकातले बायोन आणि पोचे एक्यू बरेच सापडतात. ही दोन्ही गावं स्पेनच्या सीमेजवळची, आणि मेक्सिको-पेरूची चांदी स्पेनमार्गे तिथूनच आत येई. १७०९ च्या मोठ्या नाणेबदलालाही पेरूच्या किनाऱ्यावरून फ्रेंच जहाजांनी आणलेल्या चांदीचा आधार मिळाला. काही टांकसाळींची काही सालं मात्र अत्यंत दुर्मीळ. नाणं तेच, राजा तोच, पण एका अक्षराने भाव कित्येक पट. म्हणून विकत घेताना चेहरा नंतर, आधी खालचं अक्षर आणि साल बघावं.

सुरुवात छोट्या नाण्यांनी करता येते

सगळे एक्यू मोठे नव्हते. अर्धा, पाव, बारावा हिस्सा अशीही नाणी होती. चौदाव्या लुईच्या काळात १६७४ ते १६७७ दरम्यान ४ सोलचं छोटं चांदीचं नाणं निघालं. रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षीचं फ्रेंच नाणं संग्रहात हवं असेल तर हे शोधावं. त्याच साली फ्रान्स्वा मार्टिनने पुदुच्चेरीत फ्रेंचांचं बस्तान बसवलं, आणि १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात त्याने शिवाजी महाराजांकडे वकील पाठवून अभय मिळवलं.

एक्यूच्या बाराव्या हिश्शाची, ५ सोलच्या नाण्याची गोष्ट तर विलक्षण आहे. कोवळ्या वयातल्या लुईचा चेहरा असलेलं हे सव्वादोन ग्रॅमचं नाणं १६६० च्या दशकात तुर्की साम्राज्यात फार आवडतं झालं. बायका ते माळेत ओवत, कपड्यांवर शिवत. मार्सेय आणि जिनोव्हाचे व्यापारी पिशव्याच्या पिशव्या नेऊ लागले, कारण चांदीच्या भावाहून जास्त किंमत मिळत होती. मग ल्योनजवळच्या दोंब संस्थानाने आणि इटलीतल्या चिमुकल्या जहागिऱ्यांनी हुबेहूब तशीच दिसणारी नाणी पाडली आणि चांदी हळूहळू कमी करत नेली. १६६९ च्या सुमारास तुर्कांनी या खोट्या मालाला दार बंद केलं. आज ही नकली नाणी स्वतंत्रपणे जमवली जातात. भोक पाडलेलं असलं तरी टाकून देऊ नये, ते भोक माळेचं असू शकतं.

खरं की खोटं?

आजच्या नकला पुष्कळ आहेत, आणि काही चांगल्या आहेत. पहिली पायरी वजन. पंधराव्या लुईचा १७२६ नंतरचा एक्यू झिजून २९ ग्रॅमच्या आसपास उतरला तर ठीक, २५ किंवा ३२ भरला तर हात आखडावा. दुसरी पायरी कड. तिथली अक्षरं ठसठशीत हवीत. ओतीव नकलेच्या कडेवर जोडाची बारीक रेघ किंवा घासल्याच्या खुणा असतात. तिसरी पायरी पाण्याची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करावं आणि नाणं दोऱ्याने बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडावं. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागावं. बारात अकरा भाग चांदीच्या नाण्याचं उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं. २९.४९ ग्रॅमच्या एक्यूला काटा साधारण २.८५ दाखवेल. हे उत्तर बरोबर आलं म्हणजे नाणं खरं ठरत नाही, पण पुन्हा मोजूनही बरंच चुकलं तर ते बहुधा खोटं.

आणि घासू नका. चांदीची भांडी चिंचेने, लिंबाने, राखेने उजळायची आपल्याकडे सवय आहे. नाण्याला ती मारक आहे. वर्षानुवर्षं चढलेली करडी झाक म्हणजे मळ नव्हे. ती एकदा गेली की परत येत नाही आणि भाव तिथल्या तिथे कोसळतो. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नये, त्यातून सुटणाऱ्या रसायनाने हिरवट चिकट थर बसतो.

चांदीच्या भावात का मिळत नाही?

१७२६ नंतरच्या एक्यूत सुमारे २७ ग्रॅम शुद्ध चांदी आहे. त्या दिवशीचा भाव लावून बघा, तो तुमचा तळ. त्यावरचे पैसे नक्षी, टांकसाळ, साल आणि अवस्था यांचे. खूप झिजलेल्या सामान्य नाण्यात हे वरचे पैसे थोडे असतात आणि चांदी चढली की ते आणखी आकसतात. अशी नाणी मुशीत जाण्याचा धोका खरा आहे आणि मला त्याची काळजी वाटते. चांदी म्हणून गुंतवणूक करायची असेल तर सराफाकडून वीट घ्यावी. एक्यू विकायला वेळ लागतो आणि जाणता गिऱ्हाईक लागतो.

सोळाव्या लुईचे एक्यू संख्येने भरपूर असूनही मला फार जवळचे वाटतात, विशेषतः शेवटचे. राज्यक्रांतीनंतर १७९२ मध्ये ढाल गेली आणि त्या जागी पंखवाला देवदूत राज्यघटना लिहिताना दिसू लागला. लॅटिन जाऊन फ्रेंच आलं: ‘लुई सोळावा, फ्रेंच लोकांचा राजा’ आणि मागे ‘कायद्याचं राज्य’. राजाचा शिरच्छेद २१ जानेवारी १७९३ ला झाला, तरी त्याच्या चेहऱ्याचे १७९३ सालचे एक्यू आहेत. प्रजासत्ताकाला स्वतःचं चांदीचं नाणं ठरवायलाच फेब्रुवारी उजाडला. पुढे १८०३ मध्ये फ्रँक ठरला तो ४.५ ग्रॅम शुद्ध चांदीचा, म्हणजे १७२६ च्या लिव्रइतकाच. जुने एक्यू ५ फ्रँक ८० सेंटिमला चालत राहिले आणि १८३४ मध्ये चलनातून गेले.

भारतात बसून हे जमवायचं कसं?

एक गैरसमज आधी दूर करू. पुदुच्चेरीला फ्रेंच होते म्हणून एक्यू आपल्याकडे खूप आले असतील, असं वाटतं. कापड खरेदीसाठी फ्रेंच कंपनीची जहाजं जी चांदी आणत ती मुख्यतः पिआस्त्रांची, म्हणजे स्पेनच्या मोठ्या चांदीच्या नाण्यांची. १७३६ मध्ये कंपनीला पुदुच्चेरीत रुपये पाडायची परवानगी मिळाली आणि ती चांदी वितळून मुघल बादशहाच्या नावाचे, चंद्रकोरीची खूण असलेले रुपये झाले. फ्रेंचांच्या काळाचा हा धागा धरायचा असेल तर एका एक्यूशेजारी एक पुदुच्चेरी रुपया ठेवावा. संग्रह एकदम बोलका होतो.

एक्यू आणायचा म्हणजे बहुधा परदेशी विक्रेत्याकडून किंवा लिलावातून. विक्रेत्याचं पक्कं बिल हवं, आयातीचं शुल्क आधी विचारून घ्यावं. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे एकदा आत आलेला एक्यू पुढे परदेशातल्या लिलावात विकू, हा हिशोब धरू नये. आणल्याचे कागद नाण्याबरोबर जपावेत आणि पाकिटावर साल, टांकसाळ, वजन, खाली दिसणारी जुनी नक्षी, कुणाकडून आणि केव्हा घेतलं हे पेन्सिलने लिहावं.